अंगारकीचा बांगडा

आई, तुझी नक्कल टीव्हीवर आली. आपल्या केबलवर नाही गो, मुंबईच्या मोठ्या चॅनेलवर, अख्ख्या महाराष्ट्रासमोर, रविवारी संध्याकाळी चांगल्या सात वाजता. एका बाप्याने केली. साडी नेसून, केसांचा टोप घालून, कपाळाला तुझ्यासारखी मोठी टिकली लावून. आधीच सांगून टाकते, सगळं नीट पार पडलं, माझा जीव भांड्यात पडला आहे. पण भांड्यात पडायच्या आधी तो आठवडाभर कुठे कुठे लोंबकळत होता ते तुलाच सांगायला हवं. बाकी कुणाला सांगायला गेलं की म्हणतात, एवढं काय त्यात, विनोदी कार्यक्रम आहे, हसायचं आणि सोडून द्यायचं. सोडून द्यायला ती काय त्यांची आई होती?

सुरुवात दादाने केली. तो बोरिवलीला बसून सगळ्या जगाच्या क्लिपा पाठवत असतो, ते व्यसनच आहे त्याला. मी कॉलेजच्या ऑफिसात, खिडकीवर प्रवेशाच्या पोरांची ही रांग, आणि फोन थरथरला. 'ही आपली आई ना?' असं लिहिलेलं आणि पुढे हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी पिवळी तोंडं. क्लिपेत तो बाप्या ओट्यासमोर उभा आहे. मागे हिरवी भिंत, भिंतीवर कॅलेंडर, खिडकीत नारळाच्या करवंट्या वाळत घातलेल्या. तो कॅमेऱ्याकडे बघून गोड हसतो आणि म्हणतो, "आता मीठ घालू." घालतो. जरा थांबतो. "आता मीठ घालू." पुन्हा घालतो. आणि तिसऱ्यांदा, "हं, तर आता आपण मीठ घालू." मागे लोक फुटल्यासारखे हसतात. खाली लाल अक्षरांत, येत्या रविवारी.

खिडकीतला पोरगा म्हणाला, "मॅडम, सही राहिली." मी सही केली आणि आत जाऊन पाणी प्यायले.

कारण केबलवरच्या तुझ्या पाककृतींच्या कार्यक्रमाचा शेवटचा भाग, आई. तो तू कधी बघितला नाहीस, बरं झालं. पडवळाची भाजी होती. कॅमेरा आपल्याच स्वयंपाकघरात लावलेला, हॅलोजनच्या दिव्याने ओट्यावरचं तूपसुद्धा वितळत होतं, आणि मी नेहमीसारखी दाराच्या आड उभी, काही हवं-नको बघायला. तू मीठ घातलंस. फोडी परतल्यास आणि पुन्हा मीठ घातलंस. मला वाटलं, बोलण्याच्या भरात झालं असेल. तिसऱ्यांदा तुझा हात मिठाच्या बरणीकडे गेला तेव्हा मी खोकले. तू वर बघितलंस, कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे, आणि अगदी सरळ विचारलंस, "पुढे काय गो?" मी म्हटलं, कोथिंबीर. तू म्हणालीस, "हां, कोथिंबीर," आणि हसलीस. त्या हसण्यात काही नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही, कुणालाच कळलं नसतं, डॉक्टरांनीसुद्धा पुढे तेच सांगितलं. पण गावची केबल चालवणाऱ्या आणि कॅमेराही स्वतःच धरणाऱ्या आपल्या केबलवाल्या काकांनी ते तसंच्या तसं लावलं. ते कधी काही कापायचेच नाहीत. संध्याकाळी गावाने बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तू दळण घेऊन निघालीस तर आळीतली पोरं ओरडली, "काकी, मीठ घातलंत काय?" तू म्हणालीस, "घातलं रे मेल्यांनो, या जेवायला." तुला वाटलं लाडाने विचारतात. पुढे तू मोरीत पडलीस, तुला कोल्हापूरला नेलं, डोक्यातली गाठ फोटोत दिसली, आणि पोरं आपोआप गप्प झाली. त्यांच्याच आया डबे घेऊन आल्या. चांगली माणसं ती, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण माझ्या कानातून तो प्रश्न गेला नाही. लग्नात, बारशात, कुठल्या पंगतीत कुणी मीठ मागितलं तरी मी तिथून उठायचे. आणि आता तेच मीठ, सात वाजता, अख्ख्या महाराष्ट्राला.

ह्या लोकांचा धंदाच तो आहे, हे मला माहीत होतं. मी बघते ना तो कार्यक्रम, बाबांना आवडतो. ते दुसऱ्या कार्यक्रमांची सोंगं काढतात. गाण्याची स्पर्धा घेतली तर गाणाऱ्याला धरत नाहीत, परीक्षकांना धरतात. पोरगी नुसती 'सा' लावते आणि तिघं परीक्षक ढसाढसा रडतात, एक तर खुर्चीवरून खाली उतरून तिच्या माईकच्या पाया पडतो. बातम्यांची चर्चा घेतली तर आठ चौकटींत आठ डोकी, आणि नववी चौकट रिकामी, त्या रिकाम्या चौकटीलाच निवेदक सारखा दटावतो, "तुम्ही मध्ये बोलू नका!" सकाळचे भविष्य सांगणारे घेतले, रानाच्या कडेला कोट घालून गुन्ह्यांच्या कथा सांगणारा घेतला. अगदी बारीक बघतात गो. संगीत कुठे वाजतं, माणूस कुठे उगाच थांबतो, कुठल्या वाक्यानंतर जाहिरात येते, सगळं हुबेहूब करायचं आणि मग त्यातली एकच कळ पिरगाळायची. मला हसू यायचं. पण त्यांची नजर आपल्या घराकडे वळली की ते हसू कुठे जातं ते मला त्या आठवड्यात कळलं.

आणि गंमत बघ, हे सगळं मी पहिल्यांदा बघितलं ते तुझ्याकडेच. तू टीव्हीची केवढी नक्कल करायचीस! विळीवर नारळ खवता खवता सातच्या बातम्या द्यायचीस. पाठ ताठ, मान जराही हलवायची नाही, ओठ तेवढे हलवायचे. "ठळक बातम्या. आज सकाळी स्वयंपाकघरात एक नारळ फुटला. निम्मा नासका निघाला. मुख्यमंत्र्यांनी दुःख व्यक्त केलं. आता खेळ." मी गणितात नापास होऊन आले तर मालिकेतल्या सासूसारखी तीनदा मान वळवायचीस, डाव हातात, तोंडाने ढॅण, ढॅण, ढॅण, आणि तिसऱ्या ढॅणला खरी चापट. तेव्हा तू मला म्हणाली होतीस, त्या बातम्या देणाऱ्या बाईंना मी हसत नाही गो, ती बाई चांगली आहे, पूर आला तरी तोच चेहरा आणि क्रिकेट जिंकलं तरी तोच, त्याला हसते मी. आणि जो कार्यक्रम तुला आवडायचा नाही त्याची नक्कल तू कधी केली नाहीस. बाबा त्या कुस्त्यांची करून दाखव म्हणायचे तर म्हणायचीस, "ते मी बघत नाही, मला काय येणार?" हे मला त्या आठवड्यात आठवलं असतं तर बरं झालं असतं. पण भीती वाटली की डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

मी काय केलं ते ऐक आणि हस. रविवारी दुपारी रिमोटमधले सेल काढून पिठाच्या डब्यात टाकले आणि बाबांना सांगितलं की रिचार्ज संपलाय, आज टीव्ही नाही. आता त्यांचं वय झालंय, गुडघे गेलेत, पण डोकं अजून तल्लख आहे. त्यांनी पेपर उघडला. त्यांनी त्या शेवटच्या भागाबद्दल आजवर एक चकार शब्द काढलेला नाही, तुला माहीत आहे त्यांचा स्वभाव, दुखलं की ते पेपर वाचतात. मी ठरवलं होतं, त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. साडेसहा वाजले आणि दारात चपला वाजायला लागल्या. शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या दोन सुना आल्या, आणि त्यांच्यामागून केबलवाले काका. केस पार पिकलेत त्यांचे, केबल कधीच गेली, आता मारुती मंदिराजवळ मोबाइलचं दुकान आहे. हातात फरसाणाची पिशवी. बाबा म्हणाले, "या, बसा. हिने सेल लपवलेत, पण मी सकाळीच नवे आणून ठेवलेत." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! दादाने त्यांनाही क्लिप पाठवली होती, त्या शहाण्याला काय सांगायचं. मी म्हटलं, "बाबा, नको बघायला." ते म्हणाले, "सगळं गाव बघणार आणि आपण काय तोंड भिंतीकडे करून बसायचं? लाव तू."

मी लावला आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

आई, त्यांनी आपलं स्वयंपाकघर केलं होतं. चुना कमी आणि पूड जास्त पडून झालेला आपला तो विचित्र हिरवा रंगसुद्धा केला होता. आधी तुझ्या कार्यक्रमाचं संगीत वाजलं, ते सनईचं, काकांनी लग्नाच्या कॅसेटमधून घेतलेलं. शेजारच्या काकूंनी तिथेच पहिली आरोळी ठोकली, "अगो बाय, तेच गो ते!" मग तो बाप्या आला, पदर खोचून, आणि म्हणाला, "नमस्कार. जेवलात?" तू असंच म्हणायचीस. सगळे निवेदक प्रेक्षकांचं स्वागत करतात आणि तू जेवलात का विचारायचीस, आणि दोन क्षण खरंच उत्तराची वाट बघायचीस. त्याने ती वाटसुद्धा बघितली. मान जराशी वाकडी करून, कान पुढे करून. बाबा खुर्चीत पुढे सरकले.

पुढे मग आपल्या काकांचं कॅमेराकाम. कॅमेरा कढईकडे न्यायचा सोडून तुझ्या कोपराकडे जातो, तिथून फिरत फिरत पंख्याकडे जातो, आणि तो बाप्या डाव आपटून ओरडतो, "अहो, फोडणी खाली आहे, वर नाही!" हे तू खरंच म्हटलेलं. मग दारावर मासेवाली येते, कार्यक्रम चालू असताना, आणि तो कॅमेऱ्याला पाठ करून तिच्याशी मुडदुशांचा भाव करतो, इकडे कढईतून धूर. हेही खरंच झालेलं. काका कापायचे नाहीत म्हणून हे सगळं गावापुढे जायचं, आणि गाव पाककृतीसाठी थोडंच बघत होतं? मासेवालीने ऐकलं की नाही ते बघायला बघायचं. काकांचा चेहरा लाल झाला होता, पण ते हसत होते, मांडीवर थापा मारत होते.

आणि मग मीठ आलं. "आता मीठ घालू," तो म्हणाला. माझे डोळे मिटले. पण पडद्यावरून दुसराच आवाज आला, एका बाईचा, "थांबा वहिनी, लिहितेय!" मी डोळे उघडले. पडदा दोन भागांत होता. इकडे ओट्याशी तो, तिकडे एका घरात एक बाई टीव्हीपुढे वही घेऊन बसलेली, पेन झटकतेय, पेन चालत नाही, पोराची पेन्सिल ओढून घेतेय. आणि हा तिच्यासाठी थांबतो. पुन्हा म्हणतो, "आता मीठ घालू." ती विचारते, किती? हा म्हणतो, "तुमच्या सासूला चालतं त्याहून चिमूटभर कमी." ती तेवढं सगळं लिहीत बसते, आणि हा तिसऱ्यांदा, "हं, तर आता आपण मीठ घालू. झालं लिहून?"

शेजारच्या काकू उठून उभ्याच राहिल्या. "ती मी गो! ती मी!" त्या सुनांना सांगायला लागल्या, "मी लिहायला सावकाश, म्हणून हिच्या आईसाहेब प्रत्येक गोष्ट तीनतीनदा सांगायच्या. कार्यक्रमात! शूटिंगच्या वेळी मी पलीकडे वही घेऊन बसायचे, तर मला खिडकीतून विचारायच्या, झालं काय वहिनी?" आणि मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, समोर उभं राहिलं. तू पहिल्या भागापासून सगळं तीनदा सांगायचीस, हळद तीनदा, तेल तीनदा, कारण गावातल्या किती बायका वह्या घेऊन बसतात ते तुला माहीत होतं. पोरं 'मीठ घातलंत काय' म्हणून आधीपासूनच ओरडायची, किती वर्षं ओरडत होती! ते त्या पडवळाच्या भाजीनंतर सुरू झालेलं नव्हतंच. मी ते सगळं त्या एका दिवसाला नेऊन चिकटवलं होतं आणि तिथेच घट्ट धरून बसले होते. आई, मला तिथेच दाराला टेकून खाली बसावंसं वाटलं, एवढं हलकं वाटलं.

पण त्यांचा खरा डाव पुढेच होता. सनई पुन्हा वाजते. एक घर, सगळ्यांचा उपास, अंगारकी संकष्टी. आजोबा जपाची माळ घेऊन बसलेत, आजी चंद्र किती वाजता उगवतो ते कॅलेंडरात बघतेय, सूनबाई मोदकाची कृती बघायला टीव्ही लावते. आणि टीव्हीवर हा बाप्या रव्यात घोळवलेला बांगडा तव्यावर सोडतो. चर्रर्र.

शप्पत सांगते, तो प्रसंग मी साफ विसरले होते. अंगारकी होती, काका पहाटेच कॅमेरा घेऊन गणपतीपुळ्याला गर्दी दाखवायला गेले होते. जाताना बायकोला सांगून गेले, दुपारी वरची कॅसेट लाव. वर मोदकांची असायला हवी होती. वर होती बुधवारची, बांगड्याची. त्या बिचारीने लावली आणि मागच्या दारी कपडे धुवायला गेली. भर अंगारकीला, अख्ख्या रत्नागिरीचे उपास, आणि घराघरांत टीव्हीवर बांगडा तळतोय! आपला फोन वाजायला लागला तो थांबेना. कुणी म्हणे भ्रष्टाकार, कुणी म्हणे तुम्हाला देवाधर्माचं काही आहे की नाही, आणि एक तात्या फोन करून हळूच विचारत होते की रव्यात तांदळाचं पीठ किती घातलंत. काका तिकडे गाड्यांच्या रांगेत अडकलेले, मोबाइल तेव्हा कुणाकडे होता? संध्याकाळी पुन्हा तीच कॅसेट लागली. बाबा म्हणाले, उद्या कार्यक्रमात माफी माग. दुसऱ्या दिवशी तू नवी साडी नेसून कॅमेऱ्यापुढे उभी राहिलीस, हात जोडलेस आणि म्हणालीस, "काल चूक झाली. पण बघितल्याने उपास मोडत असता, तर मिरकरवाड्याच्या मासळीबाजारावरून जाणाऱ्या एकाचाही टिकला नसता." झाली माफी. पुढे लगेच मोदक.

पडद्यावर ते घर हळूहळू टीव्हीच्या जवळ सरकत होतं. आधी सून, मग मुलगा, मग आजी कॅलेंडर हातात घेऊन, शेवटी आजोबा पाटासकट, माळ तशीच फिरतेय पण डोळे तव्यावर. आणि बाप्या बांगडा उलटतो, टीव्हीच्या काचेतून त्यांच्याकडे बघतो, आणि अगदी तुझ्यासारखा, दटावून नव्हे, मायेने म्हणतो, "उपास आहे ना? मग नुसतं बघा. झालं बघून? परत दाखवते." आणि बांगडा दुसऱ्यांदा उलटतो.

आई, मी किती हसले! पोट धरून हसले. सुना हसत होत्या, काकू पदराने डोळे पुसत होत्या, केबलवाले काका हसता हसता एकदम रडायलाच लागले. "मी ती शेवटची कॅसेट बघून लावायला हवी होती," एवढंच म्हणाले. बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तुम्ही कधी काय बघून लावलंत? बघून लावलं असतंत तर हा बांगडा तरी दिसला असता काय?" आणि मग त्या बाप्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पदर चुकलाय त्याचा. ती डावीकडे खोचायची. बाकी बरोबर आहे." इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल त्यांनी काढलेलं हे पहिलं वाक्य. आणि मग सुरूच झाले की गो! तू आमटीची चव घेऊन डोळे कसे मिटायचीस, तू काकांच्या कॅमेऱ्याच्या वायरीत अडकून कशी पडली होतीस, पडल्या पडल्या कशी म्हणालीस की हे दाखवू नका आणि त्यांनी कसं दाखवलं. काकूंच्या सुना जेवायची वेळ झाली तरी उठेनात.

बाकीचे गेल्यावर काकांनी हळूच कबूल केलं की तो नट त्यांना आधीच भेटून गेला होता. लांज्याच्या बाजूचा पोरगा, कॉलेजला इथे होता, आपल्या नाक्यावरच्या खानावळीत जेवायचा, आणि तिथे दुपारी तुझा कार्यक्रम लागलेला असायचा. मेसची पातळ आमटी खात खात तो तुझे बांगडे बघायचा. त्याने काकांकडे जुन्या कॅसेटी मागितल्या. काकांकडे कुठल्या असणार, एकेकीवर चारचार लग्नं घेतलेली. मग त्याने सगळं आठवणीतून केलं. काका घाबरून आम्हाला बोलले नव्हते. मी म्हटलं, फोन लावा त्याला. मला भांडायचं नव्हतं आता, पण मला विचारायचं होतं.

तो अगदी अदबीने बोलला. "ताई, तुमची परवानगी घ्यायला हवी होती. पण तुम्ही नाही म्हणाला असता तर माझ्याच्याने राहवलं नसतं." मी विचारलं, "तू तो शेवटचा भाग बघितला होतास?" तो म्हणाला, "बघितला होता. खानावळीत सगळे हसले, मीपण हसलो. नंतर कळलं." मी विचारलं, मग तो का नाही घेतलास, लोक हसलेच असते. तो म्हणाला, "नाही हो. आम्ही नक्कल करतो ती माणूस काय करतो त्याची. माणसाला काय होतं, त्याची कशी करणार? काकी वहीवालीसाठी थांबायच्या, ते त्यांनी केलेलं आहे. ते मी शंभरदा करीन. दुसरं त्यांनी केलेलंच नाही." मग म्हणाला, "आणि ताई, न आवडणाऱ्या कार्यक्रमाची चांगली नक्कल होत नाही. आमच्या लेखकांनी मोठमोठ्या कार्यक्रमांची नावं काढली होती, मी म्हटलं, आधी आमच्या रत्नागिरीच्या केबलचा." बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला पदराचं सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या वेळी डावीकडे खोचतो. म्हणजे पुढची वेळ आहे, बघ!

आता बाजारात गेले की माणसं थांबवतात. मिरकरवाड्यावर एका मासेवालीने मला विचारलं, "बांगडेवाल्या काकींची मुलगी ना तुम्ही?" मी हो म्हटलं. याआधी असं कुणी विचारलं की मी पुढे काय येणार म्हणून अंग चोरायचे. ह्या वेळी उभी राहिले, अर्धा तास गप्पा मारल्या, आणि बांगडे जरा महागच घेतले. दादाला फोन करून मी भरपूर ऐकवलं, आणि मग ती क्लिप त्याच्याकडून परत मागून घेतली. बाबांना रोज चहाबरोबर तो भाग लागतो. ते आता त्याच्या चुका काढतात, आमसुलं आधी की नंतर यावर त्या पडद्याशी भांडतात.

एवढं लिहून झालं आणि आता मी पाकीट शोधत होते, सवयीने. पत्ता काय लिहिणार? ह्याच घराचा लिहावा लागेल, आणि पोस्टमन माझ्याच हातात आणून देईल. तेव्हा हे इथेच ठेवते. फक्त एक गोष्ट राहिली, बाबांना सांगितलेली नाही, तुला सांगते. आई, तुझा आवाज मला आठवत नाही. कधीपासून आठवत नाही, तेही आठवत नाही. आता आठवायला बसले की त्या बाप्याचा येतो, घोगरा, मध्येच चिरकणारा, मला जेवलीस काय विचारणारा. आणि मी त्याला हाकलत नाही, जेवले म्हणते.